स्वयंपाकघरातले प्रश्न: केकच्या टिनमध्ये कागद घालताना

नाताळ जवळ आला की केकबद्दलच्या पत्रांचा ओघ सुरू होतो. या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच रड आहे: केक छान फुगला, रंगही आला आणि काढताना तळ टिनलाच राहिला. दोष मिश्रणात शोधला जातो, पण बहुतेकदा तो कागदात असतो. कागद चुकीचा असतो, नीट बसलेला नसतो किंवा त्या केकला चालणारा नसतो. म्हणून हा महिना कागदालाच दिला आहे.

प्रश्न: कंडेन्स्ड मिल्क घालून अंड्याशिवायचा केक केला. टिनमध्ये तूप लावून वर बटर पेपर घातला होता, तरी कागद केकला असा चिकटला की तुकड्यातुकड्यानं खरवडावा लागला. तळाचा भाग टाकून दिला. बटर पेपर लावूनही असं का व्हावं? (नाशिक)

तुमच्याकडे बटर पेपर होता, बेकिंग पेपर नव्हता. आपल्याकडे दुकानदार दोन्हींना बटर पेपरच म्हणतात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. लोणी, मिठाई किंवा सँडविच गुंडाळायचा पातळ, थोडा पारदर्शक कागद असतो तो बटर पेपर. तो तूप-तेल चटकन झिरपू देत नाही, पण ओल्या पिठाशी त्याची गाठ पडली की हरतो. मिश्रणातलं पाणी तो शोषतो, फुगतो, सुरकुततो आणि भाजताना केकच्या तळाशी एकजीव होतो. बेकिंग पेपरवर सिलिकॉनचा अतिशय पातळ थर असतो. पाणी त्यात शिरत नाही, साखरेचा पाक त्याला धरून बसत नाही आणि ओव्हनच्या उष्णतेत तो टिकतो. नक्की किती अंशांपर्यंत टिकतो ते खोक्यावर छापलेलं असतं. बहुतेक ठिकाणी हा आकडा २२० अंश सेल्सियसच्या आसपास असतो.

घरातला कागद कोणता, हे ओळखायला दोन मिनिटं पुरतात. कागदाचा तळहाताएवढा तुकडा ओट्यावर ठेवा आणि त्यावर चार-पाच थेंब पाणी टाका. बेकिंग पेपरवर थेंब अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे गोल राहतात आणि कागद तिरपा केला की घरंगळून जातात. बटर पेपरवर थेंब पसरतात आणि थोड्या वेळात त्याखालचा कागद फुगून वर येतो. नवा रोल आणला की पहिल्या तुकड्यावर ही चाचणी कराच, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

तुमच्या बाबतीत कंडेन्स्ड मिल्कनंही भर घातली. त्यात ऊसाची साखर आणि दुधातली साखर दोन्ही भरपूर असतात. तळाशी त्यांचा चिक्कीच्या पाकासारखा थर तयार होतो आणि गार होताना तो कागद धरून ठेवतो. असा केक नेहमी बेकिंग पेपरवरच भाजावा. बटर पेपरशिवाय दुसरं काही हाताशीच नसेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना तूप लावा, केकच्या बाजूला चिमूटभर मैदा भुरभुरवून जादाचा झटकून टाका, १८० अंशांच्या वर जाऊ नका आणि केक कोमट असतानाच कागद सोडवा.

प्रश्न: गोल टिनमध्ये कागद कधीच नीट बसत नाही. एक तर तो कडेला वर चढतो, नाही तर मधे फुगतो. अचूक कापायची पद्धत मापांसकट सांगाल का? (सांगली)

सगळ्यात जास्त वापरला जाणारा ७ इंची टिन धरू. त्याचा व्यास सुमारे १८ सेंमी आणि उंची ७.५ सेंमी. रोल साधारण ३० सेंमी रुंद असतो. त्यातून ६० सेंमी लांबीचा एक तुकडा कापा. लांबीच्या बाजूनं १०.५ सेंमी रुंदीची पट्टी वेगळी केली की १९.५ सेंमी रुंद कागद उरतो आणि त्यातून तळाच्या तीन चकत्या निघतात. म्हणजे एका तुकड्यात कडेची पट्टी एका केकची आणि तळ तीन केकचे.

चकतीसाठी १९.५ सेंमीचा चौकोन घ्या. तो अर्धा दुमडा, मग पाव करा. आता घडीच्या कोपऱ्यापासून, म्हणजे कागदाच्या मध्यापासून, त्रिकोणी घडी घाला आणि तीच घडी पुन्हा एकदा घाला. हातात निमुळता त्रिकोण येईल. टिन पालथा करा, त्रिकोणाचं टोक तळाच्या बरोबर मध्यावर धरा आणि जिथे टिनची कड येते तिथून दोन मिलिमीटर आतून कात्री चालवा. कात्री किंचित वळवत, कमान येईल अशी चालवा. सरळ कापलं तर उघडल्यावर चकतीला कोपरे येतात. टिन कागदावर ठेवून पेन्सिलनं रेघ मारायची पद्धतही चांगली आहे. मात्र ती रेघ टिनच्या बाहेरच्या मापाची असते, त्यामुळे रेघेच्या दोन-तीन मिलिमीटर आतून कापा आणि पेन्सिलची बाजू खाली ठेवा.

हे दोन मिलिमीटर का, ते नीट लक्षात घ्या. चकती मोठी झाली की तिची कड भिंतीवर चढते. तिच्यामागे पोकळी राहते, त्यात मिश्रण शिरतं आणि केकच्या खालच्या कडेला सगळीकडून खाच पडते. आयसिंग करताना ही खाच भरता भरता नाकी नऊ येतात. चकती दोन मिलिमीटर लहान असेल तर काहीच बिघडत नाही, तेवढा भाग तुपावर सुटतो. पाच-सहा मिलिमीटर लहान झाली तर मात्र तळाला गोल कडं चिकटून राहतं.

पट्टीची लांबी व्यासावरून काढा. व्यास गुणिले ३.१४ म्हणजे घेर, आणि त्यात ३-४ सेंमी जोड. ६ इंची टिनला ५२ सेंमी, ७ इंचीला ६० आणि ८ इंचीला ६७ सेंमी पट्टी पुरते. हिशोब नको असेल तर टिनभोवती दोरा गुंडाळून मापा. रुंदी म्हणजे टिनची उंची, अधिक खाली दुमडायला २ सेंमी, अधिक वर १ सेंमी. पट्टीची खालची २ सेंमी कड दुमडून घडी पक्की करा, उघडा आणि दर दीड-दोन सेंमीवर घडीपर्यंत तिरके काप द्या. सरळ कापांपेक्षा तिरके काप एकमेकांवर छान बसतात. आता पट्टी टिनमध्ये भिंतीला लावा, झालर तळावर आडवी पाडा आणि तिच्यावर चकती ठेवा. आधी चकती घालून वर पट्टी लावली तर झालरीच्या फटींतून मिश्रण खाली जातं.

कागद जागेवर राहावा म्हणून टिनला तुपाचं बोट फिरवायचं असतं. त्याहून जास्त तुपाची गरज नाही. ७ इंची टिनला एक छोटा चमचा पातळ तूप भरपूर झालं. तूप जास्त झालं तर कागद त्यावर सरकतो आणि केकची कड तळल्यासारखी कडक होते. इथे लोण्यापेक्षा तूप बरं. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं, शिवाय दुधाचे कण असतात. ते कण करपून टिनला डाग पाडतात आणि चिकटपणा वाढवतात.

रोलचा कागद गुंडाळी सोडत नसेल तर ओट्याच्या कडेवरून उलट्या बाजूनं एकदा ओढून घ्या. चुरगळून गोळा करायचा आणि उघडून घालायचा, ही युक्ती हल्ली बरीच दिसते. कागद मऊ होतो हे खरं, पण प्रत्येक सुरकुती केकवर उमटते. घरी चहाबरोबर खायच्या केकला चालेल, थरांच्या केकला नको.

आपल्याकडच्या ॲल्युमिनियमच्या बऱ्याच टिनांचं तोंड तळापेक्षा रुंद असतं. अशा टिनमध्ये सरळ पट्टी भिंतीला लागत नाही, वर पोकळी राहते. वरचा आणि खालचा व्यास मापून पाहा. फरक एक सेंमीपेक्षा जास्त असेल तर पट्टीचे तीन तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा शेजारच्यावर दोन सेंमी चढवून लावा.

चौकोनी टिन त्या मानानं सोपा. १८ सेंमी बाजूचा आणि ५ सेंमी उंचीचा टिन असेल तर ३० सेंमीचा चौकोनी कागद घ्या. टिन मधोमध ठेवून तळाच्या चारही कोपऱ्यांवर खूण करा आणि कागदाच्या प्रत्येक कोपऱ्यापासून त्या खुणेपर्यंत तिरका काप द्या. काप साडेआठ सेंमीच्या आसपास येतो. कागद आत बसवला की कोपऱ्यावरचे दोन पदर एकमेकांमागे सरकतात.

प्रश्न: कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये केक करते. पंख्याच्या वाऱ्यानं कागद आत वळतो आणि केकच्या वरच्या कडेत रुततो. (पुणे)

वर आलेला कागद कमी करा. साध्या केकला टिनच्या काठावर एक सेंमी पुरे. पट्टीचा जोड जिथे येतो तिथे दोन पदरांच्या मधे तुपाचा ठिपका लावा आणि तो जोड पंख्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा. मिश्रण ओतताना आधी थोडं मिश्रण चमच्यानं कडेकडेनं लावून घेतलंत तर तेच कागदाला भिंतीशी धरून ठेवतं.

ओटीजीत, म्हणजे वर-खाली तापणारे रॉड असलेल्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, पंख्याऐवजी रॉडची काळजी घ्यावी लागते. बऱ्याच घरगुती ओटीजींत वरचा रॉड टिनच्या काठापासून जेमतेम चार-पाच बोटांवर असतो. ओव्हन थंड असतानाच रिकामा टिन कागदासकट आत ठेवून पाहा. कागदाचं टोक आणि रॉड यांच्यात किमान ५ सेंमी अंतर हवं. नसेल तर कागद कापा किंवा जाळी एक घर खाली घ्या. रॉडला लागलेला कागद नुसता तपकिरी होऊन थांबत नाही, पेट घेऊ शकतो.

प्रश्न: नाताळचा फ्रूट केक ८ इंची टिनमध्ये करतो. आत कच्चा राहू नये म्हणून जास्त वेळ ठेवला की कडा काळ्या आणि कडू होतात. जुनी माणसं टिनला बाहेरून कागद बांधायची, त्याचा खरंच उपयोग होतो का? (वसई)

होतो, आणि या केकला तर तो हवाच. फ्रूट केकचं मिश्रण जड असतं. मनुका, बेदाणे, साखरेचं कॅरॅमल, सगळं मिळून मधोमध उष्णता पोचायला अडीच-तीन तास लागतात. तेवढा वेळ कडेचा भाग तापलेल्या धातूला टेकून बसलेला असतो. धातूला लागलेला प्रत्येक बेदाणा जळून कडू होतो. कागद उष्णता सावकाश पुढे देतो आणि कागदाच्या दोन पदरांत अडकलेली हवा त्याहूनही सावकाश. त्यामुळे कड आणि मध्य यांच्या भाजण्यातलं अंतर कमी होतं.

आत बेकिंग पेपरचे दोन थर घाला: तळाला दोन चकत्या आणि कडेला ६७ सेंमीची पट्टी दोनदा. दुसऱ्या पट्टीचा जोड पहिल्याच्या समोरच्या बाजूला येऊ द्या. पट्टी टिनच्या काठापेक्षा अडीच सेंमी उंच असावी, ओटीजीत जागा असेल तर थोडी अधिक. बाहेरून खाकी कागदाची दुपदरी पट्टी गुंडाळून सुती दोऱ्यानं दोन ठिकाणी बांधा. प्लॅस्टिकची सुतळी वापरू नका, ती वितळते. तापमान १५० अंश ठेवा. पहिल्या तासाभरानंतर वरचा भाग हवा तेवढा रंगला की मधे रुपयाएवढं भोक पाडलेला बेकिंग पेपर वर ठेवा. भोकातून वाफ निघून जाते. ओव्हनला पंखा असेल तर हा कागद उडून रॉडवर जाऊ शकतो, त्याची कड टिनच्या बाहेर दुमडून दोऱ्याखाली घ्या.

टिनखाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवायची जुनी पद्धत मोठ्या ओव्हनमधली आहे. ओटीजीत खालचा रॉड फार जवळ असतो, तिथे ती धोक्याची. त्याऐवजी सगळ्यात खालच्या घरात रिकामा ट्रे सरकवा. रॉडची सरळ आच तो अडवतो.

भाजून झाल्यावर कागद काढायची घाई नको. गरम फ्रूट केक मऊ असतो आणि आपल्याच वजनानं मोडतो. रात्रभर टिनमध्येच गार होऊ द्या, मग कागदासकट बाहेर काढा. मुरवायचा असेल तर आतला कागद तसाच राहू द्या, वरून बेकिंग पेपर गुंडाळा आणि त्यावर फॉइल. फॉइल केकला सरळ लावू नका. फळांतल्या आंबटपणानं ॲल्युमिनियम काळवंडतं, त्याला बारीक भोकं पडतात. रमऐवजी फळांचा रस घालत असाल तर हा केक फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर बुरशी येते.

प्रश्न: आईच्या वहीतल्या रवा केकच्या कृतीत ‘७ इंची टिनला बटर पेपर’ असं लिहिलंय. इथल्या दुकानात वॅक्स पेपर आणि पार्चमेंट असे दोन कागद मिळतात आणि टिन ९ इंची. (न्यू जर्सी)

पार्चमेंट घ्या. तिथला पार्चमेंट म्हणजे आपण वर बेकिंग पेपर म्हटलं तो. वॅक्स पेपरवर मेण असतं. ओव्हनमध्ये ते वितळतं, धुरकट वास येतो आणि उघड्या राहिलेल्या कडा जळतात. वड्या थापायला, पोळीचा लाडू गुंडाळायला तो ठीक. फॅरनहाइटचा ओव्हन असेल तर कृतीतले १८० अंश म्हणजे तुमचे ३५०. पार्चमेंटच्या खोक्यावरचा आकडाही फॅरनहाइटमध्ये असेल, तो पाहून घ्या.

टिनचा प्रश्न मोठा आहे. ९ इंची टिनचा तळ ७ इंचीच्या दीडपटीहून जास्त, नेमका १.६५ पट असतो. तेवढंच मिश्रण घातलं तर केक भाकरीसारखा पसरट होईल आणि लवकर सुकेल. सगळं साहित्य दीडपट करा आणि नेहमीच्या वेळेच्या दहा मिनिटं आधीपासून सळई घालून पाहत राहा. चकतीला २३ सेंमीचा चौकोन लागेल.

प्रश्न: रवा-नारळाच्या केकला कागदाऐवजी केळीचं पान वापरता येईल का? आमच्याकडे धोंडसाला, म्हणजे काकडी-रव्याच्या गोड केकला, पातेल्यात पान घालतात. (रत्नागिरी)

जरूर वापरा, कोकणातल्या स्वयंपाकघराला हे काम कागदाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. पानगी पानात थापून भाजतात, धोंडसाखाली काही घरांत पान असतं, आणि दोन्हीकडे हेतू तोच: गूळ-नारळ धातूला लागू नये आणि वास मुरावा.

कोवळं पण फार पिवळं नसलेलं पान घ्या. मधली जाड शीर काढून टाका, पान पुसून कोरडं करा आणि गॅसच्या मंद ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा. हिरवा रंग गडद झाला, पान चमकलं आणि लवचीक झालं की झालं. न शेकलेलं पान टिनमध्ये घालताना शिरांच्या रेषेत फाटतं. टिनच्या मापाची चकती कापा. शिवाय सात-आठ सेंमी रुंदीच्या दोन पट्ट्या कापून त्या अधिकच्या चिन्हासारख्या तळावर आडव्या-उभ्या टाका आणि टोकं भिंतीवर वर येऊ द्या. चकती त्यांच्यावर ठेवा. वरच्या बाजूला तूप लावा. टिनच्या काठाबाहेर आलेलं पान कापून टाका, ते आधी करपतं.

तळाशी केक कागदावरच्यापेक्षा थोडा ओलसर राहतो, कारण पानातलं पाणी भाजताना सुटतं. म्हणून पाच मिनिटं जास्त ठेवा. रवा, नारळ, गूळ, काकडी, फणस यांना पानाचा वास शोभतो. व्हॅनिला किंवा कोको घातलेल्या केकला कागदच बरा.

प्रश्न: स्पंज केकला कडेनंही कागद लावावा का? एका कृतीत तळालाच लावा म्हणतात, दुसरीत टिनला काहीच लावू नका म्हणतात. (कोल्हापूर)

दोन्ही कृती बरोबर आहेत, केक वेगळे आहेत. फेटलेल्या अंड्यांच्या हवेवर फुगणारा केक भिंत धरून वर चढतो. भिंतीला तूप असेल तर तो घसरतो आणि कडेनं बसका होतो. साध्या अंड्याच्या स्पंजला तळाला कागद घाला, कडा कोरड्या ठेवा आणि भाजल्यावर पातळ सुरी भिंतीला टेकवून एकाच दिशेनं फिरवा. शिफॉन केक तर मधे नळी असलेल्या, न माखलेल्या ॲल्युमिनियमच्या टिनमध्ये होतो आणि टिन उलटा टांगून गार करतात. त्याला तळालाही कागद नको. कागद असेल तर उलटा केल्यावर केक कागदासकट खाली येतो.

लोणी-साखर फेटून केलेला केक, दह्याचा आणि सोड्याचा बिनअंड्याचा केक, केळ्याचा केक, हे भिंतीवर अवलंबून नसतात. त्यांना तळाला कागद आणि कडेला तूप-मैद्याचा हात पुरे. चॉकलेटच्या केकला मैद्याऐवजी कोको भुरभुरवा, पांढरे डाग दिसत नाहीत. कडेनं कागद हवाच असे केक थोडेच: फ्रूट केक, चीजकेक, भरपूर गूळ किंवा खजूर असलेला केक आणि टिनच्या काठापर्यंत उंच येणारा केक. इराणी बेकरीतल्या मावा केकभोवती कागद असतो तोही याच जातीचा. मावा आणि साखर दोन्ही धातूला पटकन धरतात.

प्रश्न: स्विस रोलचा कागद काढताना केकचं वरचं साल निघून येतं. (ठाणे)

कागद काढायला तुम्ही थांबता आहात. रोलचा केक जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाड असतो. ओव्हनबाहेर आल्यावर पाच मिनिटांत त्याच्या तळाशी वाफेचं पाणी होऊ लागतं आणि ओलसर झालेलं साल कागदाबरोबर येतं.

३३ बाय २३ सेंमीच्या उथळ ट्रेला ३८ बाय २८ सेंमीचा कागद घ्या, चारही कोपऱ्यांना साडेतीन सेंमीचे तिरके काप द्या आणि तुपाच्या चार ठिपक्यांवर तो सपाट बसवा. इथे एकही सुरकुती चालत नाही, प्रत्येक सुरकुती रोल करताना तडा होते. केक ओव्हनमध्ये असतानाच ओट्यावर दुसरा कागद पसरून त्यावर पिठीसाखर चाळून ठेवा. केक बाहेर आला की लगेच त्यावर पालथा करा आणि एका कोपऱ्यापासून कागद सोडवायला घ्या. कागद वर उचलू नका. तो स्वतःवरच दुमडत, केकला जवळजवळ टेकवत मागे ओढा, म्हणजे ओढ केकवर येत नाही. तरीही कुठे धरला असेल तर पिळलेलं ओलं फडकं त्या जागेवर मिनिटभर ठेवा. मग कडक झालेल्या चारही कडा अर्धा सेंमी कापा आणि गरम असतानाच खालच्या कागदासकट गुंडाळी करून गार होऊ द्या.

प्रश्न: गावात बेकिंग पेपर मिळत नाही. वर्तमानपत्राला तेल लावून घातलं तर? (लातूर)

नको. छपाईची शाई तेलात सहज उतरते आणि केकमध्ये जाते. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्येच वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं बजावलं आहे. केक तर त्यावर अर्धा-पाऊण तास तापत राहतो. वहीचा पांढरा कागदही खाण्यासाठी बनवलेला नसतो.

कागदाशिवाय काम भागतं. दोन चमचे घट्ट तूप, दोन चमचे तेल आणि दोन चमचे मैदा एकजीव होईपर्यंत घोटा. ही पांढरी मलई ब्रशनं किंवा बोटानं टिनला आतून सगळीकडे, विशेषतः तळ आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात, पातळ लावा. उरलेली घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये महिनाभर राहते. गूळ किंवा कंडेन्स्ड मिल्कचा केक असेल तर मात्र शहरात जाणाऱ्या कुणाकडून एक रोल मागवून घ्या.

प्रश्न: केक टिनमधून नेमका केव्हा काढावा आणि तोच कागद पुन्हा वापरता येतो का? (मडगाव)

साधा केक बाहेर आल्यावर १० मिनिटं टिनमध्येच ठेवा. तेवढ्यात तो किंचित आकसून भिंतीपासून सुटतो. त्याआधी काढला तर मोडतो. अर्धा तास तसाच राहिला तर वाफ आतच जिरते आणि तळ ओला होतो. १० मिनिटांनी सुरी फिरवा, जाळी टिनवर पालथी धरून दोन्ही एकत्र उलटे करा, कागद सोडवा आणि केक पुन्हा सुलटा करा. तुमच्याकडच्या बाथसारखा रवा-नारळाचा केक जास्त ठिसूळ असतो, त्याला २० मिनिटं द्या. तो उलटा करायची भीती वाटत असेल तर तळाच्या चकतीखाली चार बोटं रुंदीची कागदाची लांब पट्टी आडवी घाला आणि तिची टोकं काठाबाहेर ठेवा. टोकं धरून केक सरळ वर उचलता येतो, वरची जाळीची नक्षी मोडत नाही.

नानकटाईखाली वापरलेला बेकिंग पेपर पुसून दोन-तीनदा सहज वापरता येतो. केकचा कागद एकदाच. कागद तपकिरी झाला, वाळक्या पानासारखा वाजू लागला किंवा दुमडल्यावर तुटला तर त्यावरचा सिलिकॉनचा थर गेलेला असतो.